नोंदणी कार्डापासून ऑनलाइन अर्जापर्यंत : पंचवटी परिसराच्या संदर्भात नोकरी-शोधाचा इतिहास

प्रस्तावना

पंचवटी हे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि पेठ रोड व दिंडोरी रोड येथूनच जात असल्याने पेठ, सुरगाणा, दिंडोरी या आदिवासीबहुल तालुक्यांचे ते नाशिक शहरातील प्रवेशद्वारही आहे. नोकरीसाठी शहराकडे पाहणाऱ्या या भागातील तरुणांच्या दृष्टीने ऑनलाइन अर्जपद्धतीने नेमके काय बदलले, याचा येथे विचार केला आहे.

नोंदणीचा कालखंड

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये सेवायोजन यंत्रणा उभी राहिली. १९४८ मध्ये ती सर्व बेरोजगारांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापना, तसेच २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त पदे कळविण्याचे बंधन घातले. पदे कळविणे सक्तीचे होते. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमणे मात्र सक्तीचे नव्हते. उमेदवार एकदा नाव नोंदवीत असे व मुदतीत कार्डाचे नूतनीकरण करीत असे. नूतनीकरण चुकल्यास ज्येष्ठता जाई आणि 'कॉल' येण्याची प्रतीक्षा वर्षानुवर्षे चाले. परंतु उमेदवार व रिक्त पद यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी शासनाची होती आणि नोंदणीस शुल्क नव्हते.

संक्रमण

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलकापट्टणम येथील अबकारी खात्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही. जाहिरात देऊन इतर पात्र उमेदवारांचाही विचार व्हावा. समान संधीच्या तत्त्वाला यामुळे बळ मिळाले. पुढच्याच वर्षी नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. शासकीय क्षेत्रात राष्ट्रीय करिअर सेवा हे केंद्राचे पोर्टल २०१५ मध्ये आले. महाराष्ट्रात २०१७ पासून चाललेले महापरीक्षा पोर्टल उमेदवारांच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये बंद करण्यात आले.

तलाठी भरती, २०२३

या बदलाचे स्वरूप २०२३ च्या तलाठी भरतीत स्पष्ट दिसते. ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये व राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. परीक्षा ५७ सत्रांत झाली. पहिल्याच दिवशी, १७ ऑगस्ट रोजी, पंचवटी परिसरातील म्हसरूळ येथे परीक्षा केंद्राबाहेर वॉकीटॉकी, टॅब आदी साहित्यासह एका संशयितास पोलिसांनी ताब्यात घेतले. पुढे गुणांच्या सामान्यीकरणामुळे २०० पैकी २१४ गुण दिसल्याने वाद उद्भवला.

निष्कर्ष

ऑनलाइन पद्धतीने जाहिरातीची वार्ता सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचू शकते, ही उपलब्धी नाकारता येत नाही. मात्र जाहिरात शोधणे, प्रत्येक अर्जाचे शुल्क भरणे, कागदपत्रे अपलोड करणे आणि परीक्षा केंद्र गाठणे हा सारा भार उमेदवारावर आला. पूर्वी त्याचा वेळ खर्ची पडे. आता वेळेबरोबर पैसाही पडतो. शुल्क देऊनही परीक्षेच्या निष्पक्षपातीपणाची खात्री त्याला मिळत नसेल, तर संधीचा विस्तार झाला तरी संधीची समानता साधली असे म्हणता येणार नाही. म्हणून अर्जाची सुलभता नव्हे, तर उमेदवारावरील खर्चाची मर्यादा व परीक्षेची विश्वासार्हता हेच या पद्धतीच्या मूल्यमापनाचे खरे निकष ठरतात.