अल्-कलीची राख

गेल्या रमजानात माझ्या मामूंनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आणि सहरीला उठल्यावर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून प्यायला सुरुवात केली. कारण होता कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला एक संदेश. सगळे आजार रक्त ‘अॅसिडिक’ झाल्याने होतात, म्हणून आहार ‘अल्कलाइन’ ठेवा, असा त्याचा मथळा. खाली पुस्ती जोडलेली होती: ‘अल्कली’ हा शब्दच अरबी आहे, म्हणजे ही विद्या आपल्या हकीमांची, पाश्चात्त्यांनी ती चोरली. मामू निवृत्त शिक्षक आहेत. एरवी कुठल्याही फॉरवर्डला भुलणार नाहीत. पण या शेवटच्या वाक्याने त्यांना जिंकले. पंधराव्या रोजाला पायांवर सूज आली, तेव्हा घरच्यांना गोळ्यांचे कळले.

त्या पुस्तीतला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. अल्-कली हा शब्द अरबीच. भाजणे, तळणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. खारट जमिनीत, समुद्रकाठी किंवा वाळवंटाच्या कडेला वाढणारी काही झुडपे वाळवून जाळत. त्यांची जी राख उरे, ती अल्-कली. शाम आणि मिसरमध्ये या राखेवर साबण आणि काच असे दोन मोठे धंदे उभे होते. हलब आणि नाब्लुसच्या साबणाची कीर्ती ऑलिव्हच्या तेलाइतकीच या राखेचीही आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला वैद्य आणि किमयागार अबू बक्र अल्-राझी आपल्या प्रयोगांच्या ग्रंथात क्षारांची यादी देतो, तीत अल्-कलीचे मीठ आहे. पुढे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली आणि शब्द युरोपात गेला. 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीने राखेतल्या पोटॅशपासून नवा धातू वेगळा केला. इंग्रजीत तो पोटॅशियम झाला, जर्मनांनी त्याला कालियम म्हटले. शाळेत आपण त्याची खूण ‘के’ अशी पाठ करतो, तिच्यामागे हीच अरबी राख आहे.

आपल्याकडे ती अनोळखी नाही. सिंध-पंजाबात अशीच खारी झुडपे जाळून सज्जी काढत. उन्हाळ्यात पापडाच्या पिठात आपण जो पापडखार घालतो, तो याच जातीचा पदार्थ.

आता उरलेला अर्धा भाग. हकीमांनी माणसाचे अन्न ‘आम्ल’ आणि ‘अल्कली’ अशा दोन पंगतींत बसवले होते का? नाही. युनानी तिब्बची मांडणीच वेगळी. तिच्यात दम, बलगम, सफरा आणि सौदा हे चार अखलात आहेत, आणि गरम-सर्द, तर-खुश्क यांवर ठरणारा मिजाज. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’मध्ये अन्नाचे गुण सांगितलेत ते या भाषेत. आंबट हा तिथे शत्रू नाही. सिरका आणि मधाची सिकंजबीन हे तर हकीमांचे लाडके पेय, ग्रीकांकडून आलेले. सिरक्याची तारीफ हदीसमध्येही आहे. आंबट कुणाला द्यावे, कुणाला देऊ नये, हे समोरच्या माणसाचा मिजाज पाहून ठरे. तिब्ब आजच्या कसोटीवर किती टिकते हा निराळा विषय, पण जे तिने म्हटलेच नाही ते तिच्या नावावर खपवणे हा तिचा गौरव नव्हे.

मग ही कल्पना आली कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या प्रयोगशाळेतून. क्लोद बेर्नारकडे बाजारातून आणलेले ससे होते. त्यांची लघवी नितळ आणि आम्लधर्मी निघाली. गवत खाणाऱ्या प्राण्याची ती गढूळ आणि अल्कधर्मी असायला हवी. बेर्नारने तर्क केला की ससे उपाशी आहेत आणि स्वतःचेच मांस जाळून जगताहेत. त्याने त्यांना गवत दिले, लघवी गढूळ झाली. उकडलेले गोमांस खाऊ घातले, पुन्हा नितळ. अन्नाने लघवी बदलते, हे सिद्ध झाले. लघवी, रक्त नव्हे.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. 1912 मध्ये हेन्री शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अन्नपदार्थ जाळल्यावर मागे उरणाऱ्या घटकांचा हिशोब मांडला. मांस, मासे, अंडी, धान्य यांची राख आम्लाकडे झुकणारी; फळे, भाज्या, दूध यांची अल्काकडे. लिंबू आंबट असून ‘अल्कलाइन’ कसे, या कोड्याचे उत्तर इथे आहे. त्यातले सायट्रिक आम्ल शरीरात जळून जाते, पोटॅशियम मागे राहते. म्हणजे गोष्ट पुन्हा राखेशीच आली.

पण आपण चूल नाही. त्याच सुमारास, 1908 मध्ये, लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्त स्वतःचा तोल कसा सांभाळते याचे गणित मांडले होते. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, 7.35 ते 7.45 च्या आत राहतो. फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडे जादा आम्ल लघवीवाटे काढतात. बेर्नारच्या सशांची नितळ लघवी ही ते काम चालू असल्याची खूण होती. ते थांबले तर माणूस अतिदक्षता विभागात जातो, पालकाच्या भाजीने ते भागत नाही.

तरी 1920-30 च्या दशकांत विल्यम हे नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आम्लाच्या भीतीवर अख्खी आहारपद्धती उभी केली. 2002 मध्ये रॉबर्ट यंगच्या पुस्तकाने ती भीती पुन्हा जगभर नेली. या यंगला 2016 मध्ये कॅलिफोर्नियात परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. संदेश बनवणाऱ्याने त्याच मालावर अरबी शिक्का मारला, एवढेच.

सोड्याचा वैद्यकात उपयोगच नाही असे नाही. मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना डॉक्टर तो मोजून देतात, काही मुतखड्यांत लघवी अल्कधर्मी करावी लागते. पण चमचाभर खायच्या सोड्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाबाचा माणूस, गोळ्या बंद, त्यात हे.

मामूंना हे सगळे मी एका बैठकीत सांगितले नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आठवड्यात सूज उतरली. मग एक दिवस शब्दकोश उघडून त्यांनीच मला अल्-कलीचा अर्थ वाचून दाखवला आणि विचारले, ‘मग सिकंजबीन चालेल ना रे?’ मी म्हटले, मधाचे तेवढे डॉक्टरांना विचारू, तुमची साखरही काठावर आहे.