सॉमरसेटला कोणी सोडवलं?

हेबियस कॉर्पस म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम. त्याच्या अर्जावर त्या माणसाची सही लागत नाही. तो सही करायला येणार कुठून? त्याच्या वतीनं बायको, भाऊ, मित्र, कोणीही कोर्टात जाऊ शकतो. हायकोर्टात फौजदारी बाजूला वकिली करताना ज्युनिअर मंडळींना हे समजावायची वेळ आली की मी लंडनमधल्या तिघांची नावं घेत असे: थॉमस वॉकिन, एलिझाबेथ केड, जॉन मार्लो. १७७१ च्या अखेरीस या तिघांनी शपथेवर सांगितलं, की टेम्स नदीतल्या ‘ॲन अँड मेरी’ जहाजावर एका माणसाला बेड्या घालून ठेवलंय. माणसाचं नाव जेम्स सॉमरसेट. त्याच वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि हे तिघं त्याचे धर्म-मायबाप होते.

सॉमरसेट मूळचा आफ्रिकेतला. १७४९ मध्ये व्हर्जिनियात चार्ल्स स्ट्युअर्ट या स्कॉटिश व्यापाऱ्यानं त्याला विकत घेतलं. पुढे स्ट्युअर्ट जकात खात्यात मोठा अधिकारी झाला आणि १७६९ मध्ये त्याला घेऊन इंग्लंडला आला. १ ऑक्टोबर १७७१ ला सॉमरसेट मालकाला सोडून निघून गेला. २६ नोव्हेंबरला त्याला पकडून कॅप्टन जॉन नोल्सच्या स्वाधीन करण्यात आलं. जहाज जमैकाला जायचं होतं, आणि तिथं त्याला विकायचं होतं.

कोर्टाचा हुकूम गेल्यावर नोल्सनं डिसेंबरात सॉमरसेटला हजर केलं आणि आपलं म्हणणं दिलं. आम्ही त्याला रिटर्न म्हणतो. त्याचा सारांश असा: हा स्ट्युअर्टचा गुलाम, मालकानं माझ्याकडे सोपवला, म्हणून मी ठेवला. दुसरा कसलाही बचाव नाही. त्यामुळे कोर्टापुढे प्रश्न नेमका उरला: इंग्लंडात माणसाला बेड्या घालायला हे कारण पुरेसं आहे का?

सुनावणी होईपर्यंत सॉमरसेट मोकळा होता; जानेवारीत तो ग्रॅनव्हिल शार्पला जाऊन भेटला. शार्प हा टॉवर ऑफ लंडनमध्ये शस्त्रास्त्र खात्याचा साधा कारकून. १७६५ मध्ये मालकानं पिस्तुलानं डोकं फोडलेला जोनाथन स्ट्राँग नावाचा मुलगा त्याच्या सर्जन भावाच्या दवाखान्यात आला होता. भावांनी त्याला बरं केलं. दोन वर्षांनी त्याच मालकानं त्याला पकडून तीस पौंडांना विकलं. शार्पनं धावपळ करून त्याला सोडवलं, तर उलट शार्पवरच दावा लागला. त्याच्या वकिलांनी हात वर केले. १७२९ मध्ये सरकारच्या दोन कायदा अधिकाऱ्यांनी मत देऊन ठेवलं होतं, की इंग्लंडात आल्यानं किंवा बाप्तिस्मा घेतल्यानं गुलाम सुटत नाही. शार्प कधी कायदा शिकलेला नव्हता. तो स्वतः पुस्तकं घेऊन बसला, आणि १७६९ मध्ये गुलामीविरुद्ध कायद्याचे मुद्दे मांडणारं पुस्तकच छापून मोकळा झाला. नोकरी सांभाळून! असा पक्षकार वकिलाला फार त्रास देतो, आणि केसही तोच जिंकून देतो.

सुनावणी वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या किंग्ज बेंच कोर्टात, चीफ जस्टिस लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे झाली. सॉमरसेटच्या बाजूला पाच वकील. त्यांतला फ्रान्सिस हारग्रेव्ह अगदी नवखा, पण युक्तिवाद त्याचाच गाजला. समोर स्ट्युअर्टतर्फे जॉन डनिंग. हाच डनिंग वर्षभरापूर्वी थॉमस लुईस या पळवून नेलेल्या गुलामाच्या बाजूनं, शार्पचं पुस्तक हातात धरून बोलला होता. शार्प संतापला. मला डनिंगचं नवल वाटत नाही; ज्याचं वकीलपत्र त्याची बाजू, हा आमचा धंदाच आहे. स्ट्युअर्टच्या खर्चाचा भार वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनी उचलला होता, कारण घोर त्यांना होता.

घोर मॅन्सफिल्डलाही होता. इंग्लंडात सॉमरसेटसारखे चौदा-पंधरा हजार लोक आहेत, माणशी पन्नास पौंड धरले तरी सात लाखांवर रक्कम होते, हा हिशेब त्यानं भर कोर्टात मांडला. तारखा पडत गेल्या. न्यायाधीशाला निकाल द्यायचा नसला की तो तडजोड सुचवतो. स्ट्युअर्टनं आपणहून सॉमरसेटला मोकळं करावं म्हणजे प्रश्न मिटेल, असं मॅन्सफिल्डनं सुचवलं. एलिझाबेथ केडला सांगून पाहिलं, की तूच त्याला विकत घे. ती विधवा बाई म्हणाली, पैसे दिले तर गरीब माणसाला मारायचा-कोंडायचा हक्क त्यांना होता, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. एवढा धडधडीत मुद्दा पाचही वकिलांना इतक्या थोडक्यात मांडता आला नाही.

शेवटी २२ जून १७७२ ला निकाल आला. गुलामी ही इतकी घृणास्पद गोष्ट आहे, की स्पष्ट कायदा केलेला असल्याशिवाय ती टिकू शकत नाही. इंग्लंडात असा कायदा नाही. म्हणून या माणसाला सोडलं पाहिजे. प्रेक्षकांत बसलेले आफ्रिकी लोक उठले, न्यायाधीशांना लवून नमस्कार केला आणि एकमेकांचे हात हातात घेतले. पुढे त्यांच्यापैकी दोनशेच्या आसपास लोक पाच शिलिंगांचं तिकीट काढून वेस्टमिन्स्टरच्या एका पबमध्ये जमले. मॅन्सफिल्डच्या नावानं प्याले उंचावले, नाच झाला.

माझे सीनिअर म्हणत, निकालानं काय दिलं ते अशील वाचतो. काय दिलं नाही ते वकिलानं वाचावं. त्या नजरेनं पाहिलं तर मॅन्सफिल्डनं फार थोडं दिलं. मालकाला गुलाम जबरदस्तीनं देशाबाहेर नेता येणार नाही, इतकंच. खुद्द त्याच्या केनवुडच्या घरी भाच्याची मुलगी डायडो बेल वाढत होती. तिची आई गुलाम होती. दहा वर्षांनी मृत्युपत्र करताना मॅन्सफिल्डनं डायडो स्वतंत्र असल्याचं मुद्दाम लिहून ठेवलं. आपल्याच निकालावर विसंबायला तो तयार नव्हता. त्याची भीती खोटी नव्हती. १८२७ मध्ये ग्रेस नावाच्या बाईच्या खटल्यात लॉर्ड स्टोवेलनं ठरवलं, की इंग्लंडात राहून अँटिग्वाला परतली की ती पुन्हा गुलाम.

आपल्याकडेही हीच तऱ्हा झाली. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या-दिल्या जात, त्याच्या नोंदी दफ्तरात आहेत. ब्रिटिश पार्लमेंटनं १८३३ मध्ये गुलामी रद्द केली, मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला. इथं १८४३ चा पाचवा ॲक्ट आला. त्यात गुलाम मुक्त झाले असं कुठंच म्हटलेलं नाही. माणसावरच्या मालकीचा हक्क कोर्टानं बजावून देऊ नये, मुख्यतः एवढं म्हटलंय. मॅन्सफिल्डचाच मार्ग. माणूस गुलाम म्हणून विकणं-ठेवणं हा गुन्हा ठरायला १८६० चं दंडविधान यावं लागलं.

मग अशा हात राखून दिलेल्या निकालातून कोणाला काय मिळालं? निकालानंतर तीनच आठवड्यांत, ब्रिस्टलजवळ राहणाऱ्या एका गृहस्थानं स्ट्युअर्टला लिहिलेलं पत्र उरलंय. त्याचा नोकर डब्लिन पळून गेला होता. घरच्या चाकरांना तो सांगून गेला, की सॉमरसेटकाकाचं पत्र आलंय, लॉर्ड मॅन्सफिल्डनं आपल्याला स्वातंत्र्य दिलंय. मालकाची एकही वस्तू त्यानं नेली नाही, फक्त स्वतःचे कपडे नेले. ते तरी न्यायचा त्याला हक्क होता की नाही, कोण जाणे, असं मालक लिहितो. पण त्याला शोधायचा त्रास मी घेणार नाही.

कपड्यांचं उत्तर एकाहत्तर वर्षांनी आपल्या त्या पाचव्या ॲक्टात मिळतं: स्वतःच्या मेहनतीनं मिळवलेली वस्तू, तो गुलाम होता या कारणावरून कोणाकडून काढून घेता येणार नाही. राहिला निकाल. डब्लिननं तो साफ चुकीचा वाचला होता. माझ्या ज्युनिअरनं असा वाचला असता तर मी त्याला परत वाचायला बसवलं असतं. पण मालकही त्याला शोधायला निघाला नाही, आणि ज्या हक्कासाठी कोर्ट शिपाई पाठवत नाही, तो बजावायला सहसा कोणीच निघत नाही.