पहिला रोबो एक झटका देऊन बंद का पडतो?

अडथळा दिसला की वळणारी दोन चाकांची छोटी गाडी हा नवशिक्यांचा सर्वात आवडता पहिला रोबो. सगळे भाग बुटाच्या खोक्यात मावतात, प्रोग्राम इंटरनेटवर तयार मिळतो आणि व्हिडिओत सारे दहा मिनिटांत जमते. घरी मात्र बटण दाबताच गाडी एक झटका देते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधली जाते आणि ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ म्हणत खोके माळ्यावर जाते. खरा दोष बहुतेक वेळा विजेच्या पुरवठ्यात असतो.

या गाडीचा मेंदू म्हणजे बहुधा आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी झाला, तोही इंजिनिअर नसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. त्याच्या एका पिनमधून साधारण २० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घ्यावा असे सांगतात. पिवळ्या गिअरची स्वस्त मोटर रिकामी फिरतानाही त्याहून कितीतरी जास्त प्रवाह घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्याही अनेक पट. म्हणून मोटर थेट पिनला जोडत नाहीत. मध्ये मोटर ड्रायव्हर लागतो.

किटमध्ये हमखास येणारा ड्रायव्हर म्हणजे एल२९८एन. तो जुन्या बनावटीचा आहे आणि स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले, तर मोटरपर्यंत ४ च्या आसपासच पोहोचतात. त्यावर उपाय म्हणून अनेक जण ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतात, आणि इथेच फसतात. ती बॅटरी मल्टिमीटरसारख्या थोड्या प्रवाहावर चालणाऱ्या उपकरणांसाठी असते. मोटरने एकदम प्रवाह ओढला की तिचा व्होल्टेज कोसळतो, बोर्ड रीसेट होतो, मोटर थांबते, व्होल्टेज सावरतो आणि पुन्हा तेच.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. प्रोग्रामच्या ‘सेटअप’ भागात बोर्डावरचा दिवा तीनदा उघडझाप करायला लावावा. मोटर सुरू होताच तीन उघडझापा पुन्हा दिसल्या, तर बोर्ड रीसेट होतो आहे. प्रोग्रामला हात लावू नये. ही चाचणी यूएसबी केबल काढून, गाडी जमिनीवर ठेवूनच करावी. केबल जोडलेली असेल तर बोर्डाला संगणकाकडून वीज मिळत राहते आणि दुखणे लपते.

दोन १८६५० लिथियम सेल (मिळून ७.४ व्होल्ट) हा टिकाऊ उपाय. पण त्यांची टोके चुकून जुळली तर सेल पेटू शकतो, म्हणून संरक्षण सर्किट असलेलेच घ्यावेत. मुलांसाठी मोटरला एक आणि बोर्डाला एक असे वेगळे पुरवठे जास्त बरे. मात्र तेव्हा दोन्हींच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना जोडायलाच हव्यात. ती एक तार विसरल्यामुळे गप्प बसलेल्या गाड्यांची गणती नाही!

वीज नीट झाली की सेन्सर. एचसी-एसआर०४ हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते सांगतो. आवाज एका मायक्रोसेकंदात ०.०३४ सेंटिमीटर जातो. जाणे-येणे असल्याने निम्मे करायचे. १,२०० मायक्रोसेकंद म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. पडदा किंवा उशी आवाज शोषून घेते आणि तिरकी भिंत तो भलतीकडे परतवते, तिथे गाडी धडकणारच.

खरीखुरी प्रोग्रामची चूक म्हणजे ‘डिले’ या आज्ञेचा सैल वापर. ‘डिले’ने एक सेकंद थांबवलेला बोर्ड त्या सेकंदात सेन्सर वाचत नाही, पण चाके फिरतच राहतात. सेकंदाला ३० सेंटिमीटर धावणारी गाडी तेवढ्यात भिंत गाठते. ‘डिले’ ५० मिलिसेकंदांवर आणला तर तेवढ्या वेळात ती दीड सेंटिमीटरच पुढे जाते.

आणि गाडी एका बाजूला ओढत असेल, तर घाबरू नये. स्वस्त मोटरच्या जोडीत दोन्हींचा वेग क्वचितच सारखा असतो. वेगवान मोटरचा आकडा २५५ वरून २३० वगैरे करून पाहावा.