हेलसिंकी ते टोकियो : अंतर कोण ठरवतं?

आज मी टेबलावर पृथ्वीचा गोल आणि एक दोरा आणलाय. दोऱ्याचं एक टोक फिनलंडमधल्या हेलसिंकीवर धरू, दुसरं टोकियोवर, आणि ताणू. पाहा, दोरा जवळजवळ सगळा रशियावरून, सायबेरियावरून जातो. हे झालं सर्वांत कमी अंतर, सुमारे ७,८०० किलोमीटर. भूगोलाचं उत्तर इथं संपतं आणि इतिहासाचं सुरू होतं.

१९४४च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता असते. म्हणजे खाली ज्याची जमीन, त्याची परवानगी हवी. शीतयुद्धात सोव्हिएत संघानं हे आकाश पाश्चात्त्य विमानांना बव्हंशी बंद ठेवलं. मग वळसा आला. १९५७च्या फेब्रुवारीत स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसनं कोपनहेगन-टोकियो सेवा उत्तर ध्रुवमार्गे सुरू केली. इंधनासाठी थांबा अलास्कातल्या अँकरेजला. १९८३ साली फिनएअरनं हेलसिंकीहून तो थांबाही गाळला. ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून थेट टोकियो, सुमारे १३ तास.

त्याच वर्षी, १ सप्टेंबरला, न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सखालिन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. नकाशावरच्या त्या अदृश्य रेषेची किंमत काय असते, ते तेव्हा जगाला कळलं.

पुढे सोव्हिएत संघ विरघळला, सायबेरियाचं आकाश खुलं होत गेलं, आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. एक पिढी त्याला निसर्गनियम समजू लागली. २०२२मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं, दोन्ही बाजूंनी आकाशं बंद झाली, आणि फिनएअरचं विमान पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागलं. पुन्हा १३ तास! दोन्ही शहरं मात्र जागची हललेली नाहीत.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या वैशेषिकांनी ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा, हे गुण मानले. त्यांचे दोन प्रकार : दिक्कृत आणि कालकृत. आणि ते उपजतात अपेक्षाबुद्धीतून, कशाच्या तरी तुलनेत. मला वाटतं, विमानयुगानं त्यात तिसरा प्रकार घातला. त्याला मी ‘राज्यकृत’ दूरपणा म्हणतो.

तेव्हा उद्या कुणी विचारलं की अमुक शहर किती लांब आहे, तर किलोमीटर जरूर सांगा. पण सोबत सालही विचारा, आणि मधल्या राज्यांचं एकमेकांशी पटतं का, तेही. दोरा ताणणं सोपं असतं हो; तो कुणाच्या अंगणावरून जातो, हे पाहावं लागतं.