गणेशखिंडीची वृक्षवीथी

पुण्यातील गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसची जुनी छायाचित्रे निवांत भासतात. दाट झाडी, रेखीव वाट, माणूस क्वचितच. प्लेगच्या झडत्यांनी गांजलेले शहर या चौकटीबाहेरच राहिले. २२ जून १८९७ च्या रात्री मात्र ते फाटकापर्यंत आले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून प्लेग अधिकारी रँडची बग्गी बाहेर पडली. ‘गोंद्या’ ही खुणेची हाक देत दामोदर चापेकर अंधारात तिच्यामागे धावले. रँडवर त्यांनी, तर आयर्स्टवर बाळकृष्णांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिन्ही भाऊ १८९८-९९ मध्ये फासावर गेले. छायाचित्रांतला तो निर्मनुष्य रस्ता मला तरी पहाऱ्याचीच आठवण देतो. १९४९ पासून तेथे पुणे विद्यापीठ आहे.