हृदयाचा कासरा



शेतात बराच वेळ खाली बसून निंदणी करावी आणि कुणी हाक मारली म्हणून एकदम उभे राहावे, तर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन-चार श्वासांत ती जातेही. ती जाते कशी? उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते, मेंदूकडच्या रक्ताचा दाब उतरतो, आणि त्याच क्षणी कुणीतरी हृदयाला सांगते, "चल, भरभर चाल!" हा सांगणारा कोण, आणि तो किती दक्ष आहे हे माणसाने कसे मोजले, त्याची ही हकीकत.

रक्ताचा दाब प्रथम मोजून दाखवला तो इंग्लंडातल्या एका पाद्र्याने. स्टीफन हेल्स त्याचे नाव. घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला त्याने उभी काचनळी जोडली. रक्त सव्वाआठ फूट चढले! १७३३ साली हे त्याने ग्रंथरूपाने छापले. पुढे १८५९ च्या सुमारास फ्रान्समधील एतिएन-ज्यूल मारे यांनी एक नेम सांगितला : दाब चढला की नाडी मंदावते, उतरला की जलद होते. गाडीवान उताराला कासरा ओढतो, चढावर सैल सोडतो, अगदी तसेच. पण हा कासरा धरतो कोण?

१८६६ साली जर्मनीत लुडविग आणि सायन यांना सशाच्या अंगात हृदयाजवळून मेंदूकडे जाणारा एक ज्ञानतंतू सापडला. तो चेतवला की रक्तदाब उतरे. मानेवर दाबले तरी नाडी मंदावते, हेही डॉक्टरांना ठाऊक होते. पण आपण थेट हृदयाचाच ज्ञानतंतू दाबतो, असा त्यांचा समज होता. १९२० नंतरच्या दशकात हेरिंग यांनी तो समज दूर केला. मानेतली मोठी रोहिणी जिथे दुभंगते, तिथे एक छोटा फुगवटा असतो. दाबाने तो ताणला की वर्दी मेंदूच्या देठाकडे जाते, आणि तिथून हृदयाला हुकूम सुटतो. पहारेकरी सापडला!

आता प्रश्न उरला मोजण्याचा. १९६९ साली ऑक्सफर्डच्या स्मिथ, स्लाइट आणि पिकरिंग यांनी युक्ती काढली. औषध टोचून रक्तदाब थोडा चढवायचा, आणि प्रत्येक ठोक्याचा दाब व त्यापुढचे दोन ठोक्यांमधले अंतर आलेखावर मांडायचे. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने चढला, तर ते अंतर सेकंदाच्या किती हजारांशांनी लांबले? आलेखाची रेघ जितकी उभी, तितका कासरा चलाख. आमच्या शिक्षकबंधूंच्या लक्षात आलेच असेल, की शाळेतल्या आलेखाचा उतार तो हाच!

त्याच वर्षी दिसले, की ज्यांचा रक्तदाब कायम चढलेला असतो, त्यांचा हा कासरा ढिला पडतो. वय वाढते तसाही तो ढिला होत जातो. आणि १९९८ साली त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. हृदयविकाराच्या झटक्यातून नुकत्याच वाचलेल्या १,२८४ रुग्णांची पाहणी झाली. ज्यांचा हा आकडा तीनपेक्षा कमी होता, त्यांना पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका अधिक आढळला. म्हणजे बघा, आलेखावरची एक रेघ. पण कुणाला अधिक जपायला हवे हे ती सांगू लागली. आता तर बोटाला छोटा पट्टा लावून, सुई न टोचताही ठोक्यागणिक दाब टिपता येतो.

गुरुजी, वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. निरोगी मुलाला पाच मिनिटे आडवे निजवा, नाडी मोजा. मग त्याला उभे करून पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. मात्र मान दाबून पाहण्याचा उद्योग कुणी करू नये, बरं का. त्याने घेरी येऊ शकते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे जरूर सांगा : पहाटे उठताना आधी अंथरुणात बसावे, थोडे थांबावे, मगच उभे राहावे. म्हाताऱ्या गाडीवानाला कासरा सावरायला थोडा वेळ द्यावा लागतो.