वंडरवॉल म्युझिक

वंडरवॉल म्युझिक हा बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांचा १९६८ मध्ये प्रकाशित झालेला प्रायोगिक अल्बम आहे. जो मॅसॉट दिग्दर्शित 'वंडरवॉल' या चित्रपटाचे हे पार्श्वसंगीत असून त्याचा मोठा भाग मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. बीटल्सच्या सदस्याने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेला हा पहिला अल्बम होय.

पार्श्वभूमी

मॅसॉट यांनी हॅरिसन यांना संगीताबाबत पूर्ण मोकळीक दिली. हॅरिसन यांनी प्रत्येक प्रसंगाची लांबी स्टॉपवॉचने मोजून त्या मापाच्या रचना केल्या. पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय संगीताची ओळख व्हावी, हाही त्यांचा हेतू होता.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

जानेवारी १९६८ मध्ये फोर्ट भागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत हे काम झाले. आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखवाज), शिवकुमार शर्मा (संतूर), चंद्रशेखर नारिंग्रेकर (सूरबहार), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई) आदी वादकांनी त्यात भाग घेतला.

स्टुडिओ कार्यालयांच्या वरच्या मजल्यावर होता आणि बाहेरचा आवाज रोखण्याची सोय नव्हती. साडेपाचला कार्यालये सुटली की जिन्यावरील पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे. काही मुद्रणांत टॅक्सींचा आवाजही ऐकू येतो, असे हॅरिसन यांनी सांगितले आहे. त्यांच्या आठवणीनुसार तेथे जुने मोनो यंत्र होते; अन्य वृत्तान्तांनुसार एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आणवले. कसेही असले तरी, वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून नंतर तोल साधण्यास फारसा वाव नव्हता. वादन चालू असतानाच तो साधावा लागे.

याच सत्रांत, १२ जानेवारीला, 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. गायन फेब्रुवारीत लंडनमध्ये जोडले गेले.

लंडनमधील काम

रॉक शैलीचे भाग लिव्हरपूलच्या 'रेमो फोर' या वाद्यवृंदासह लंडनमध्ये नोव्हेंबर १९६७ पासून मुद्रित झाले. रविशंकर यांचे शिष्य जॉन बारहॅम यांनी हॅरिसन यांच्या सुरावटींचे पाश्चात्त्य स्वरलेखन केले. एरिक क्लॅप्टन यांनी टोपणनावाने गिटार वाजवली. 'ड्रीम सीन' या रचनेत भारतीय वादन, मानवी आवाज आणि उलट फिरवलेल्या फिती एकत्र गुंफल्या आहेत. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन ९' या ध्वनिप्रयोगाच्या काही महिने आधीची ही रचना आहे.

प्रकाशन

हा अल्बम १ नोव्हेंबर १९६८ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. बीटल्सच्या ॲपल कंपनीची ही पहिलीच एलपी होती. त्याआधी मार्चमध्ये 'द इनर लाइट' हे 'लेडी मडोना'च्या दुसऱ्या बाजूवर आले. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर स्थान मिळालेले हॅरिसन यांचे ते पहिले गीत असून त्यातील सर्व वाद्ये भारतीय वादकांनी वाजवलेली आहेत.